नजर चुकवणारी मुलं

मूल डोळ्यांत बघत नाही, हाकेला मान वळवत नाही, पण जमिनीवरची मुंगी त्याला लांबून दिसते, असं सांगत पालक ओपीडीत येतात. डोळे, कान तपासून झालेले असतात. (कान तपासायलाच हवेत.) स्वमग्नतेत, म्हणजे ऑटिझममध्ये, अनेकदा डोळे धड असतात, मेंदू दृश्याची जुळणी वेगळी करतो.

अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांच्या १९८३ च्या अभ्यासात स्वमग्न मुलांनी गुंतागुंतीच्या चित्रात लपलेली आकृती त्याच मानसिक वयाच्या इतर मुलांपेक्षा सरस शोधली. पुढच्या सगळ्या अभ्यासांत फरक इतका ठळक आला नाही, हेही खरं. २०१७ च्या एका अभ्यासात स्वमग्न व्यक्तींना चित्रातल्या चेहऱ्याच्या डोळ्यांवरच नजर ठेवायला लावली, तेव्हा मेंदूतले भीती-सावधपणाशी संबंधित खोल भाग प्रमाणाबाहेर सक्रिय झाले. तेव्हा हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' म्हणणं थांबवा, घरी आणि शाळेतही. तो उद्धटपणा नाही.

मात्र 'बापूसही उशिराच बोलायला लागला' म्हणून वाट बघणं मला मान्य नाही. दीड वर्षाचं मूल कावळा, होडी बोटाने दाखवून तुमच्याकडे वळून बघत नसेल, तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाला सांगा. खरं तर वजन-उंचीबरोबर पथकानेच हे विचारावं. दोडामार्गहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात येण्यात दिवसाची मजुरी बुडते, ठाऊक आहे. तरीही शाळेत नाव घालेपर्यंत थांबू नका.