इंग्लंडच्या पाणंदी कुणाच्या?

मोटारी आल्या आणि मग इंग्लंडचे रस्ते सुधारले, असे आपण सगळेच धरून चालतो. इतिहास नेमका उलटा आहे. रेल्वेने घोडागाड्यांचा लांब पल्ल्याचा प्रवास संपवला आणि खेड्यापाड्यांतून जाणारे रस्ते धूळ व चिखल खात पडून राहिले. ते पुन्हा जागते केले सायकलवाल्यांनी. १८७८ साली यॉर्कशायरमधल्या हॅरोगेट गावी सायकलप्रवाशांचा एक क्लब निघाला. पुढे त्याचे नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाले, आणि आज तो ‘सायकलिंग यूके’ या नावाने ओळखला जातो. या क्लबने आणि शर्यतवाल्यांच्या संघटनेने मिळून १८८६ मध्ये रस्तेसुधारणेसाठी एक स्वतंत्र संघ काढला. रस्ता कसा बांधावा आणि कसा राखावा, याची पत्रके छापून तो ती वाटत असे. दोनच वर्षांनी, १८८८ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने, सायकल हे रीतसर ‘वाहन’ ठरले. राजरस्त्यावर घोडागाडीचा जेवढा हक्क, तेवढाच सायकलीचाही, हे कायद्याने मान्य केले.

या संघाचा पुढे विल्यम रीस जेफ्रीज नावाचा एक सचिव झाला. हा गृहस्थ सायकलवाला म्हणून चळवळीत आला, मग मोटारवाल्यांच्या संघटनेचा सचिव झाला, आणि १९१० साली सरकारने रोड बोर्ड स्थापले तेव्हा त्याचाही सचिव तोच. रस्ता सायकलीच्या हातून मोटारीच्या हाती कसा गेला, ते या एका माणसाच्या चरित्रात वाचून घ्यावे.

ही जुनी वंशावळ उकरण्याचे कारण असे की, इंग्लंडच्या ग्रामीण भागात सायकलने फिरणाऱ्याला आजही ‘रस्त्याचा कर आम्ही भरतो, तुम्ही बाजूला व्हा’ हे ऐकून घ्यावे लागते. रस्त्यांसाठी राखलेला तो जुना कर १९३७ सालीच इतिहासजमा झाला. गावरस्त्यांची डागडुजी कौन्सिल करते आणि कौन्सिलच्या तिजोरीत सायकलवाल्याचाही पैसा जातोच. पण हा युक्तिवाद कितीदा खोडला तरी पुन्हा उगवतो. तेव्हा प्रश्न कराचा नाही, मालकीच्या भावनेचा आहे.

एकेकाळी ही मालकीची भावना सायकलवाल्यांचीही होती. लंडनच्या नैऋत्येला, पोर्ट्समथ रस्त्यावर, सरे परगण्यात रिप्ली हे खेडे आहे. १८८० आणि ९० च्या दशकांत रविवारी लंडनचे सायकलस्वार झुंडीने तेथल्या ‘अँकर’ खाणावळीत येऊन थडकत. एच. जी. वेल्सच्या १८९६ च्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ या कादंबरीचा नायक, कापडाच्या दुकानातला एक साधा नोकर, वर्षाकाठची सुट्टी घेऊन निघतो तो याच बाजूला. दुकानातल्या नोकराला गावाबाहेरचे जग पाहायला मिळाले ते सायकलमुळे. बायकांना मिळाले तेही सायकलमुळेच, पण तितक्या सहजपणे नव्हे. रिप्लीजवळच्याच ऑकम येथे लेडी हार्बर्टन या बाई स्कर्टऐवजी ढगळ विजार घालून सायकलवरून आल्या, म्हणून हॉटेलवालीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. क्लबने १८९९ मध्ये खटला चालवला आणि तो हरला! १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये समाजवादी विचारांच्या सायकलवाल्यांचा ‘क्लॅरियन’ क्लब निघाला. ही मंडळी सायकलने खेडोपाडी जात आणि पत्रके वाटत. थोडक्यात, इंग्लंडमध्ये ‘गावाकडे सायकलने जाणे’ हे नुसते हवा खाणे कधीच नव्हते. ज्याच्याजवळ जमीन नाही आणि घोडाही नाही, अशा माणसाने देश पाहण्याचा तो मार्ग होता.

पोर्ट्समथ रस्ता पुढे मोटारींचा महामार्ग झाला, आणि सायकलवाला तेथून हटून पाणंदींत शिरला. कोकणातल्या वाचकाला इंग्लंडची ‘लेन’ समजावून सांगायला नको. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर झाडी, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. डेव्हनमध्ये हे बांध माणसाहून उंच असतात. डॉर्सेटमध्ये शतकानुशतकांची वहिवाट आणि पावसाचे पाणी यांनी वाटच जमिनीत खोल गेली आहे. फरक इतकाच की, इंग्लंडच्या बहुतेक पाणंदी डांबरी आहेत. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर लहान रस्ते पिवळ्या रंगात दाखवतात आणि मुरलेला सायकलस्वार नकाशा उघडून आधी पिवळ्या रेघा शोधतो. या रेघा कुणा नियोजनकाराने आखलेल्या नाहीत. चर्चला, गिरणीला, बाजाराला जाणाऱ्यांनी त्या पाडल्या, म्हणून त्या शेताच्या कडेने वळतात, ओढा उथळ असेल तेथे उतरतात आणि चढ आला तर खुशाल सरळ चढतात. माझ्या मते इंग्लंडचे खरे सायकलमार्ग हेच, आणि सरकारी धोरणाने दुर्लक्ष केले तेही यांच्याकडेच.

धोरणाचे लक्ष गेले ते दुसरीकडे. १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे ५,००० मैलांचे लोहमार्ग आणि दोन हजारांवर स्थानके बंद करण्याची शिफारस केली. रूळ उखडले आणि देशभर सपाट, रिकामे पट्टे उरले. ब्रिस्टलच्या जॉन ग्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ पासून ब्रिस्टल ते बाथ हा असाच एक मेलेला लोहमार्ग स्वयंसेवकांच्या मदतीने सायकलींसाठी बांधायला घेतला. १९८६ मध्ये तो पुरा झाला. त्यांची संस्था ‘सस्ट्रान्स’ या नावाने प्रसिद्धीला आली. १९९५ साली लॉटरीच्या पैशातून तिला ४ कोटी २५ लाख पौंड मिळाले आणि राष्ट्रीय सायकलमार्गांचे जाळे विणायला घेतले गेले. त्याआधी वर्षभर, १९९४ मध्ये, कंब्रियाच्या किनाऱ्यावरून निघून इंग्लंड आडवे ओलांडणारा सुमारे १४० मैलांचा ‘सी टू सी’ मार्ग सुरू झाला होता. मागचे चाक आयरिश समुद्रात बुडवून निघायचे आणि पुढचे चाक उत्तर समुद्रात बुडवून थांबायचे, असा त्याचा रिवाज आहे. मध्ये हार्टसाइडचा सुमारे १,९०० फुटांचा घाट लागतो. त्याच्या माथ्यावरचे चहाचे हॉटेल २०१८ साली जळाले. ज्याने तो घाट चढला आहे त्यालाच ही बातमी किती मोठी ते कळेल.

ही कामगिरी लहान नाही. पण लोहमार्गाचे पट्टे तुटक असतात. दोन तुकडे जोडायला शेवटी रस्त्यावर यावेच लागते, आणि तेथे नकाशावरची रेघ व खांबावरची निळी पाटी यांपलीकडे सायकलवाल्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. सस्ट्रान्सने २०१८ मध्ये स्वतःच्या जाळ्याची तपासणी केली. त्यात जवळजवळ १६,५०० मैलांपैकी तब्बल ४२ टक्के ‘अत्यंत निकृष्ट’ ठरले. २०२० मध्ये संस्थेने ७५० मैलांहून अधिक मार्ग जाळ्यातून काढून टाकले आणि आणखी हजारो मैलांचा दर्जा बदलला. आपल्या कामाचा असा जाहीर हिशेब मांडणारी संस्था विरळा. पण ज्या रस्त्यांवरून पाटी काढली ते रस्ते तेथेच राहिले आणि त्यांवरच्या मोटारीही.

आता मुद्द्याचे. इंग्लंडमध्ये वस्तीबाहेरच्या साध्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर मोटारींची वेगमर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर आहे. वेगळी पाटी लावलेली नसेल तर पाणंदीलाही हीच. पांढऱ्या चकतीवर काळी तिरपी पट्टी असलेली जी खूण ही मर्यादा सांगते, तिचा मूळ अर्थ ‘आता मर्यादा संपली’ असा होता. १९६५ पर्यंत वस्तीबाहेर सर्वसाधारण मर्यादा नव्हतीच आणि ६० चा आकडा आला १९७७ साली. वळणापलीकडचे काही दिसत नाही अशा डेव्हनमधल्या वाटेवर ६० मैल वेग सुरक्षित आहे, असे कुणी तपासून ठरवलेले नाही. कुणी काही ठरवले नाही, म्हणून तो लागू आहे. ब्रिटनमधल्या रस्त्यांवरच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवर होतात. २०२२ मध्ये हायवे कोड सुधारले आणि सायकलीला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडावे, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक, असे त्यात आले. तीन मीटर रुंदीच्या पाणंदीत हे अंतर कोठून आणायचे?

२००० सालच्या वाहतूक कायद्याने ‘शांत पाणंदी’ घोषित करण्याची सोय केली. सफोक परगण्यात गावकऱ्यांनी उत्साहाने कितीतरी पाणंदींवर हिरव्या पाट्या लावून घेतल्या. पण त्या पाटीने वेगमर्यादा बदलत नाही. ती नुसती विनंती आहे. शेजारच्या जर्सी बेटावर ‘हरित पाणंदी’ आहेत, तेथे मर्यादा ताशी १५ मैल आहे.

गावकऱ्यांची बाजू नाही असे मात्र नाही. २०१२ च्या ऑलिंपिकची सायकलशर्यत सरेमधून, बॉक्स हिलच्या घाटातून गेली. त्यानंतर २०१३ ते २०१९ लंडन ते सरे अशी शंभर मैलांची मोठी सामुदायिक सायकलफेरी दर उन्हाळ्यात होत असे. त्या दिवशी रस्ते बंद, आणि एरवीही प्रत्येक शनिवार-रविवारी टेकडीवर सायकलींची रांग. शेवटी २०२० मध्ये सरे कौन्सिलने फेरीला नकार दिला आणि २०२२ मध्ये ती एसेक्समध्ये गेली. शेतकऱ्याला गुरांकडे जायचे असते, म्हातारीला दवाखान्यात जायचे असते, आणि गावातली बस कधीच बंद झालेली असते. मोटार हा त्यांचा शौक नव्हे. चकचकीत कपड्यांतला घोळका रस्ता अडवून गप्पा मारत चालला, तर त्यांना राग येणारच. तो घोळकाही कापडदुकानातल्या नोकरांचा उरलेला नाही, त्यातल्या कित्येक सायकलींची किंमत गावातल्या जुन्या मोटारीहून जास्त असते.

पण म्हातारीला गावातून बाहेर पडायला ताशी ६० मैलांचा वेग लागत नाही. तो लागतो महामार्गावरची कोंडी चुकवून पाणंदीतून पळणाऱ्याला. त्याचे या गावात कामही नाही आणि घरही नाही. गावकरी आणि सायकलवाला एकमेकांशी भांडतात, आणि हा तिसरा मधून निघून जातो. पिवळ्या रेघांवर सरसकट ताशी ३० मैलांची मर्यादा आली तर ट्रॅक्टरवाल्याचे काहीच बिघडत नाही. घोड्यावरून जाणाऱ्याचे आणि शाळेत चालत जाणाऱ्या पोराचे तर भलेच होते.

यावर कौन्सिलांचे उत्तर ठरलेले असते: प्रत्येक रस्त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागेल, पाट्या लावाव्या लागतील, पैसा नाही. आजच्या कायद्याप्रमाणे ते खरेही आहे. आयर्लंडमध्येही अशाच झाडीबांधांच्या पाणंदी आहेत. तेथे सरकारने एकेका रस्त्याचा आदेश काढण्याच्या भानगडीत न पडता मूळ मर्यादाच बदलली. ७ फेब्रुवारी २०२५ पासून गावरस्त्यांवरची मर्यादा ताशी ८० किलोमीटरवरून ६० वर आली.