तळघराची जमीन भाद्रपदात पाहावी

गेल्या वर्षी मे महिन्यात एका वृद्ध रुग्णाला मी दिलेला सल्ला ऑगस्टअखेरीस माझ्यासमोर परत आला. रुग्णाचे वय ७८. घरातले लहानथोर त्यांना आबाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आर्वीकडच्या एका गावात मालगुजारीच्या काळातले त्यांचे मोठे घर आहे. वरच्या मजल्यावर पत्र्याखाली त्यांची खोली होती. बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला आणि आठवड्यात दोनदा त्यांना घेरी आलेली. घराला तळघर आहे हे मला ठाऊक होते. पूर्वी तेथे सरकी आणि ज्वारीची पोती राहत. ‘उन्हाळाभर दुपारी खालीच झोपत जा,’ असे मी सांगून टाकले.

सल्ला चुकीचा नव्हता, अपुरा होता. मुलाने वडिलांसाठी हौसेने तळघर नवे करायला काढले. खाली वडिलांच्या तरुणपणी घातलेला सिमेंटचा खरबरीत कोबा होता; त्यावर मिस्त्रीने आरशासारख्या व्हिट्रिफाइड फरश्या बसवल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खोली पाहुण्यांना दाखवण्यासारखी झाली. पोळ्याच्या आसपास, पहाटे लघवीला उठलेल्या आबाजींचा पाय भिंतीलगत घसरला आणि मांडीच्या हाडाची मान मोडली. शस्त्रक्रियेनंतर मी भेटायला गेलो, तर खाटेवरून हसत म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच तं सांगतलं होतं खाली झोपाले.’ त्या हसण्यात राग नव्हता, हेच मला अधिक लागले.

कोणाच्या हातून काही सांडले नव्हते. ते पाणी जमिनीतून आले होते. परतताना मी ते तळघर प्रथमच उतरून पाहिले, आणि या लेखातील पुष्कळशा गोष्टी तेथेच लक्षात आल्या. काही नंतर एका अनुभवी बांधकाम अभियंत्याला विचारून समजून घेतल्या.

जुन्या घरांची जमीन मुळात कशी असे, हे पाहायचे असल्यास सेवाग्रामला जावे. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला आले आणि त्यानंतर ज्या कुट्या उभ्या राहिल्या, त्यांची जमीन मातीची, सारवलेली आहे. अशा जमिनीतून खालची ओल वाफ होऊन हळूहळू वर येते आणि हवेत निघून जाते. ती अडत नाही, म्हणून साचतही नाही. मी सारवणाचा पुरस्कर्ता नाही. ज्या सुनेचे गुडघे दुखतात तिला विचारल्याशिवाय पुरुषांनी सारवणाचे गोडवे गाऊ नयेत. परंतु कोबा आणि काँक्रीट हीदेखील दगडासारखी दिसणारी, आतून सच्छिद्र वस्तू आहे, हे विसरू नये. तिच्यातूनही ओल वर येते. जुन्या कोब्याखाली बहुधा ना गिट्टीचा थर असतो, ना ओल अडवणारे प्लॅस्टिक. मुरूम ठोकून त्यावर सिमेंट पसरलेले असते. त्यावर चकचकीत फरशी किंवा रंगाचा जाड थर बसला की ओल सांध्यांकडे आणि भिंतीच्या कडेकडे वळते. रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटतात, सांध्यांतून पांढरी खारट पूड फुटते, आणि ऐन पावसाळ्यात भिंतीलगत पाण्याची अशी पातळ धार येते की चकाकणाऱ्या फरशीवर ती दिसतच नाही. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तर चकचकीत जमीन कोरडी असताना ओली वाटते आणि ओली असताना कोरडी.

आपल्या जिल्ह्यात याला काळ्या जमिनीची जोड आहे. बेसॉल्ट खडकापासून बनलेली ही भारी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. पाऊस जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. म्हणजे घराखालची जमीन दरवर्षी एकदा फुगते, एकदा बसते, आणि वरचा कोबा त्यात तडकतो. मे महिन्यात तळघर कोरडे ठणठणीत असते. मिस्त्रीही मोकळे त्याच दिवसांत मिळतात. म्हणून काम मे महिन्यात होते आणि त्याची परीक्षा भाद्रपदात.

परीक्षा आधी घ्यायची असेल तर अंगणातील विहीर पाहा. श्रावण-भाद्रपदात दोरीला दगड बांधून काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजावे, आणि त्याच काठाच्या पातळीपासून तळघराची जमीन किती खाली आहे तेही मोजावे. आबाजींच्या घरी विहिरीतले पाणी तळघराच्या जमिनीपेक्षा हातभर वर होते. अशा घरात आतून लावलेला कोणताही रंग, रसायन वा फरशी पाणी रोखू शकत नाही. ते बाहेरून ढकलत असते. तेथे पाणी वळवणे, कोपऱ्यात खड्डा करून पंप बसवणे किंवा पावसाळ्यात त्या खोलीत माणूस न झोपवणे, एवढेच मार्ग उरतात. तिसरा सर्वांत स्वस्त आहे.

विहिरीचे पाणी खाली असेल आणि तरीही ओल वाटत असेल, तर दुसरी तपासणी करावी. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा उघड्या कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक-दोन दिवस हात लावू नये. उचलल्यावर प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूस थेंब असतील किंवा तेवढा कोबा काळपट झाला असेल, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या बाजूस असतील तर ती खोलीतल्या हवेची ओल आहे. ही दुसरी शक्यता आपल्याकडे अनेकदा कूलरमुळे असते. कूलर पाण्याच्या वाफेने हवा थंड करतो. ती दमट हवा बाहेर जायला वाट हवी. बंद तळघरात कूलर लावला की दोन तासांत गारवा संपतो आणि दमटपणा उरतो. त्यातच वाळत घातलेले कपडे असतील तर पाहायलाच नको. ही तपासणी पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यातल्या कोरड्या निकालावर विसंबू नये.

पाणी कोठून येते हे कळल्यावर पहिले काम घराबाहेरचे असते. छपराचे पाणी पन्हाळीतून थेट पायाशी पडते का? भिंतीलगतच्या जमिनीचा उतार घराकडे आहे का? तुळशीचे, भांडी घासण्याचे, न्हाणीचे पाणी तेथेच मुरते का? आबाजींच्या घरी नेमके तळघराच्या भिंतीवरच हौसेने जोपासलेली जास्वंद आणि तिचे आळे होते. उतार बाहेरच्या दिशेने करून भिंतीभोवती दोन-तीन फुटांची फरसबंदी केली आणि पन्हाळीला नळ जोडून पाणी लांब सोडले, तर पुष्कळ तळघरे आतून एक पैसाही न खर्चता सुधारतात.

मग भेगा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने ठिपके करून त्यांतील अंतर तारखेसह लिहून ठेवावे. मे महिन्यात एकदा, सप्टेंबरमध्ये एकदा. अंतर बदलत असेल तर भेग जिवंत आहे. तिच्यात नुसते सिमेंट भरले तर ते पुढच्या उन्हाळ्यात सुटेल. तेथे लवचिक सीलंट हवे. भेगेच्या दोन बाजू वरखाली झाल्या असतील तर तो माझा किंवा मिस्त्रीचा विषय नाही, अभियंत्याला दाखवा. पाय घासत चालणाऱ्या वृद्धाला, विशेषतः कंपवाताच्या रुग्णाला, अर्ध्या इंचाचा उंचवटाही पाडतो. रुंद भेगेत विंचू राहतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

वर काय घालावे? ओल नसेल, तर कोबा उघडाच ठेवून त्यावर सोडियम सिलिकेटसारखे आत मुरणारे द्रव्य लावणे मला सर्वांत बरे वाटते. धूळ उडायची थांबते, पृष्ठभाग घट्ट होतो आणि वर थर बसत नाही म्हणून पापुद्रे सुटण्याचा प्रश्न नाही. एपॉक्सी रंग टिकाऊ असतो, पण तो कोरड्या जमिनीवरच. आणि त्यात बारीक वाळू किंवा घसरणरोधक पूड मिसळून घ्यावी, नाहीतर ओल्या पायाला तो काचेसारखा लागतो. फरशी हवीच असेल तर खरबरीत घ्यावी. दुकानात तिच्यावर पाणी ओतून, चप्पल काढून, ओला तळवा घासून पाहावा. दुकानदार हसला तर हसू द्यावे. ओलसर कोब्यावर छापील प्लॅस्टिकची चटई अंथरण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी. चटईखाली पाणी कोंडते, बुरशी धरते आणि मुडपलेल्या कडेत अंगठा अडकतो. सतरंजीचेही तेच. पूर्ण खर्चाची तयारी असेल तर कोबा उखडून गिट्टीचा थर, त्यावर जाड अखंड प्लॅस्टिक आणि मग नवे काँक्रीट, हा खरा उपाय आहे. त्यात महिना-दीड महिना जातो, आणि नवे काँक्रीट नीट वाळेपर्यंत त्यावर रंग लावू नये.

काम चालू असताना वृद्धांना त्या घरातून हलवावे, निदान त्या भागातून. कोबा घासण्याच्या धुळीत सिलिका असते. दम्याच्या रुग्णाला ती सोसत नाही. ओले सिमेंट त्वचा भाजते, आणि मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेल्या माणसाला ते कळत नाही. तो अनवाणी काम पाहायला जातो आणि दोन दिवसांनी जखम घेऊन माझ्याकडे येतो. सर्वांत धोक्याचे ॲसिड. जुना कोबा उजळण्यासाठी मिस्त्री ते ओततात. बंद तळघरात त्याची वाफ श्वासनलिका जाळते, आणि त्यात ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरातच साचतो. या दोन वस्तू एका दिवशी एका खोलीत नेऊच नयेत.

ओलीने संधिवात जडतो, असे मला अनेक जण सांगतात. तसा पुरावा नाही. दमा आणि खोकला मात्र ओलीने व बुरशीने बळावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने २००९ साली घरातील ओल व बुरशीविषयी स्वतंत्र मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली आहे. तळघरात झोपणाऱ्या वृद्धाचा खोकला उन्हाळ्यात नसतो आणि श्रावणात सुरू होतो, तेव्हा औषध बदलण्यापूर्वी खाटेखाली विजेरी मारून पाहावे.

जिन्याबद्दल एवढेच, की दोन्ही बाजूंना कठडा, प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा आणि वर-खाली दोन्हीकडे दिव्याचे बटण असावे. रात्री लघवीला उठावे लागणाऱ्या माणसाला जिना चढावा लागेल अशी खोली देऊ नये. आबाजींसाठी तळघरातच कोपऱ्यात मोरी केली होती, आणि तिकडे जाणारी वाट नेमकी त्या ओल्या भिंतीलगतची होती.

आबाजी आता काठी घेऊन चालतात. ओसरीलगतच्या खोलीत त्यांची खाट आहे. पूर्वेच्या खिडकीत कूलर, पश्चिमेची खिडकी उघडी. मुलाने दिवाळीनंतर तळघरातल्या फरश्या काढल्या. खालचा कोबा अनेक ठिकाणी काळा पडलेला निघाला. जास्वंद पंधरा फूट दूर हलवली आहे आणि ती लागलीही. खाली सध्या काही अंथरलेले नाही. या भाद्रपदात विहीर पुन्हा मोजायची आणि मगच काय ते ठरवायचे, असे आमचे ठरले आहे. दोरी आबाजींनीच जपून ठेवली आहे, गाठी मारून.