माळ्यावरचा रेडिओ आणि बाजारातील नवलाई

दिवाळी जवळ आली की जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील पेढ्यांबरोबर राहती घरेही झाडून निघतात. दुकानात नव्या वह्या येतात आणि घरात माळ्यावरचे सामान खाली उतरते. तांब्यापितळेच्या भांड्यांना लगेच धनी मिळतो. परंतु लाकडी पेटीतला रेडिओ, झाकणाचा रेकॉर्ड प्लेअर, कॅसेटांनी भरलेली खोकी यांचे काय करावे, हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. भंगारवाला वजनावर भाव करतो. मुले म्हणतात, ‘काढून टाका’; आजोबा म्हणतात, ‘राहू द्या’. यांपैकी कोणाचे बरोबर, हे केवळ भावनेने ठरवू नये. आपण व्यापारी माणसे आहोत. वस्तू उलटीपालटी करून पाहावी, तिचा कस लावावा आणि मग निर्णय करावा.

हा कस लावण्याचे साधन आपल्या आचारग्रंथांत आधीच तयार आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांतील भेद सांगितला आहे. एकदा वापरून जी टाकावी लागते ती भोगाची वस्तू, उदाहरणार्थ अन्न. आणि जी पुनःपुन्हा वापरता येते ती उपभोगाची वस्तू, उदाहरणार्थ वस्त्र. श्वेतांबर परंपरेत सातव्या व्रतात हाच भेद उपभोग आणि परिभोग या शब्दांनी येतो. दोन्हींची मर्यादा ठेवावी, हा व्रताचा आशय. आज बाजाराने एक चमत्कारिक उलथापालथ केली आहे. जी वस्तू स्वभावतः पुनःपुन्हा वापरण्याची, तिला त्याने एकदाच वापरून टाकण्याची वस्तू बनविले आहे. आवाजाच्या यंत्रांत हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

पन्नाशी-साठीच्या दशकांतील एखादा मर्फी, फिलिप्स, बुश किंवा एच.एम.व्ही.चा व्हॉल्व्हचा रेडिओ मागून उघडून पाहावा. त्यातील काचेचे व्हॉल्व्ह खाचेत बसविलेले असतात. गेलेला व्हॉल्व्ह हाताने उपसून दुसरा बसविता येतो. पत्र्याच्या सांगाड्याखाली प्रत्येक तार, प्रत्येक कंडेन्सर डोळ्यांना दिसतो आणि डागकामाच्या साध्या कहीने सुटा करता येतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. तो जळाला तरी नव्याने गुंडाळून घेता येतो, आणि शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणारे कारागीर आपल्या दोन्ही तालुक्यांना नवे नाहीत. थोडक्यात, त्या यंत्राची रचनाच ‘हे कधीतरी बिघडेल आणि कोणीतरी ते दुरुस्त करील’ असे गृहीत धरून केलेली होती. याच्या उलट आजच्या हातभर ब्लूटूथ स्पीकरमध्ये बॅटरी बहुधा डिंकाने चिकटवून बंद केलेली असते. काही शे वेळा चार्जिंग झाले की तिचा जोर ओसरतो आणि बाकीचे सर्व भाग सुस्थितीत असताना संपूर्ण वस्तू कचऱ्यात जाते.

तथापि ‘जुने ते सोने’ ही म्हण येथे सरसकट लागू करू नये. जुन्या यंत्रांतील कागदी व रासायनिक कंडेन्सर काळाने निकामी होतातच. सत्तरीनंतरच्या अनेक स्पीकरांच्या कडेला लावलेला फोम पंधरा-वीस वर्षांत भुगा होऊन पडतो. त्याआधीच्या कागदी वा कापडी कडांचे स्पीकर मात्र अजून शाबूत आढळतात. व्हॉल्व्हचा रेडिओ चाळीस-पन्नास वॅट वीज खाऊन तीन-चार वॅटचा आवाज देतो. अपव्यय टाळणाऱ्या घरात तो दिवसभर चालू ठेवणे योग्य ठरणार नाही. स्वच्छ आवाजाच्या बाबतीत १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने जुन्या तबकडीची खरखर संपविली, हेही मान्य केले पाहिजे.

जुन्या तबकडीविषयी आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती काळी, जड, पडताच फुटणारी तबकडी मुख्यतः लाखेच्या राळेत दगडाची भुकटी मिसळून केलेली असे. लाख हा कीटकांपासून मिळणारा पदार्थ. आणि श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य नावानेच गणलेले आहे. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना निघाला, पुढे १९२८ मध्ये तो दमदमला गेला, आणि देशभर ज्या तबकड्या पोहोचल्या त्यांमागे ही लाख होती. शिवाय पोलादी सुई प्रत्येक बाजू वाजविल्यावर बदलावी लागे. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हायनिलची लाँगप्ले तबकडी आली. पुढे हळूहळू लाख गेली, सुई टिकाऊ झाली आणि तीन-साडेतीन मिनिटांऐवजी एका बाजूस वीस-पंचवीस मिनिटे गायन मावू लागले. म्हणजे प्रत्येक नवी गोष्ट म्हणजे फॅशन असेही नाही. ज्या बदलाने हिंसा घटते, नासाडी घटते आणि उपयोग वाढतो, तो बदल टिकतो.

टिकत नाहीत त्या गोष्टींची यादीही बोधप्रद आहे. सत्तरीच्या आरंभी परदेशांत चार दिशांना चार स्पीकर लावण्याची ‘क्वाड्रोफोनिक’ लाट आली. कंपन्यांनी परस्परांशी न जुळणाऱ्या तीन-चार पद्धती काढल्या आणि दशक संपण्यापूर्वीच ती लाट ओसरली. १९७६ मध्ये आलेली एल्कॅसेट चार-पाच वर्षांत गेली. १९९२ मध्ये आलेली डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट १९९६ मध्ये बंद पडली. आणि या सर्व काळात १९५४ च्या सुमारास इंग्लंडमधील स्विंडनच्या गॅरार्ड कारखान्यात तयार होऊ लागलेले ‘३०१’ हे तबकडी फिरविण्याचे यंत्र मात्र आजही जगभर तेल घालून चालविले जाते, कारण ते एकच काम करते: जड तबक एका ठरावीक वेगाने फिरविणे. त्यात फसण्यासारखे फारसे काही नाही आणि झिजेल ते बदलता येते.

आपल्याकडे नव्वदीनंतर जी लाट आली ती अनेकांना आठवत असेल. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या म्युझिक सिस्टीम दुकानांत मांडल्या गेल्या आणि खोक्यावर ‘२००० वॅट पी.एम.पी.ओ.’, ‘५००० वॅट पी.एम.पी.ओ.’ असे आकडे छापले जाऊ लागले. हा आकडा क्षणार्धाच्या कल्पित उच्चांकाचा असतो; तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. खरे माप म्हणजे यंत्र सतत किती शक्ती देऊ शकते ते, ज्याला आर.एम.एस. म्हणतात. पडताळा अगदी सोपा आहे. यंत्राच्या मागील पट्टीवर ते किती वीज घेते हे लिहिलेले असते. भिंतीतून साठ वॅट घेणारे यंत्र सतत पाच हजार वॅट देईल कोठून? अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘हीनाधिक मानोन्मान’ सांगितला आहे, अर्थात खोटी वजने आणि खोटी मापे. तराजूच्या काट्याबाबत जो व्यापारी दक्ष राहिला, त्याने खोक्यावरील खोट्या मापाकडेही त्याच दृष्टीने पाहावयास हवे.

त्याच सूत्रात लगेच पुढे ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो: नकली वस्तू खऱ्याच्या नावाने खपविणे. जुन्या वस्तूंच्या वाढत्या हौशीमुळे याला मोठे क्षेत्र मिळाले आहे. मोठ्या शहरांतील जुन्या बाजारांत आणि पर्यटनस्थळी पितळी कर्णा लावलेले चकचकीत ग्रामोफोन ‘अस्सल, शंभर वर्षांचे’ म्हणून दाखविले जातात. बहुतेकदा आतील यंत्र एखाद्या मोडक्या पेटीग्रामोफोनचे, पेटी अलीकडची, कर्णा नवा आणि कुत्र्याची तबकडी तर कालच चिकटविलेली असते. घरात शोभेसाठी हवा असेल तर तो शोभेच्या किमतीला घ्यावा. परंतु वारसा म्हणून घेऊ नये आणि कोणास देऊही नये. जुन्याचे वेड हीदेखील एक फॅशनच असते, हे यातून ध्यानात यावे.

टिकाऊपणाचा सर्वांत मोठा वस्तुपाठ मात्र आपल्या अंगणातच उभा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारे तीस डिशांचे एक विराट ग्रहणयंत्र आहे. प्रत्येक डिशचा व्यास ४५ मीटर. चौदा डिशा मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि सोळा डिशा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या आहेत. सर्व विस्तार सुमारे २५ किलोमीटरचा आहे. डिशसाठी भरीव पत्रा न वापरता ताणलेल्या पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी बसविली. त्यामुळे वजन कमी झाले, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्चही आटोक्यात राहिला. नव्वदीच्या दशकात उभारलेल्या याच डिशा आजही काम करीत आहेत. २०१० नंतरच्या दशकात त्यांच्या मुखाशी असलेली ग्रहणयंत्रे, संदेशवहन आणि मागील संगणकीय सामग्री बदलून दुर्बिणीची क्षमता कितीतरी पटींनी वाढविण्यात आली. सांगाडा तोच राहिला. जे काळाने जुने होते ते बदलण्याजोगे ठेवायचे आणि जे मूलभूत आहे ते एकदाच भक्कम करायचे, हे तत्त्व खोडदच्या शास्त्रज्ञांनी पाळले तसेच रेडिओच्या जुन्या कारागिरांनीही पाळले होते.

खोडदची निवड होण्यामागे या परिसरातील रेडिओलहरींची शांतता हे मोठे कारण होते. तिच्या रक्षणासाठी परिसरातील उद्योगांवर बंधने आली, पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही हा प्रश्न पुढे आला. व्यापाराला याची झळ लागते हे खरे. परंतु ऐकावयाचे असेल तर आधी शांतता हवी, हा नियम दुर्बिणीला जसा लागू आहे तसाच कानालाही आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तेथील फडांनी आणि गावोगावच्या यात्रांनी कित्येक वर्षे पत्र्याच्या कर्ण्यांवर आवाज पोहोचविला. साधा पेटीचा स्पीकर मिळालेल्या विजेच्या शेकडा एक-दोन टक्क्यांचाच आवाज करतो, कर्ण्याचा आकार त्याहून कितीतरी अधिक करून दाखवितो. म्हणून वीस-तीस वॅटचा अँप्लिफायर यात्रेच्या मैदानाला पुरत असे. आज त्याच मैदानात हजारो वॅटच्या डीजेच्या भिंती उभ्या राहतात. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालापासून आहे. आपल्या विवाहांच्या वरातीत आणि तपस्येच्या वरघोड्यात तिचे पालन होते का, हे ज्याचे त्याने पाहावे. आपले अनेक साधु-साध्वी आजही ध्वनिवर्धकावर बोलत नाहीत, आणि तरीही व्याख्यानात शेवटच्या ओळीतील आजीबाईंना शब्दन् शब्द ऐकू येतो, कारण सभा शांत असते.

आता व्यवहाराचे. माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ उतरविला तर तो थेट प्लगमध्ये घालू नये. वर्षानुवर्षे बंद असलेला कंडेन्सर फुटू शकतो, आणि काही संचांच्या पत्र्याच्या सांगाड्यातच वीज उतरते. जाणता मेकॅनिक सिरीजमध्ये बल्ब लावून प्रथम तपासणी करतो. त्याच्याकडूनच काम करून घ्यावे. दुरुस्त झालेल्या संचावर मध्यम लहरी ऐकताना घरातील एल.ई.डी. दिवे आणि चार्जर बंद करून पाहावेत. खरखर बरीचशी त्यांचीच असते. चार रेडिओ असतील तर एक ठेवावा आणि बाकीचे भंगारात न देता दुरुस्ती करणाऱ्याला द्यावेत. त्यांचे सुटे भाग दुसऱ्या कोणाचा संच जिवंत ठेवतील. परिग्रहाची मर्यादा जुन्या वस्तूंनाही आहे.

कॅसेटांच्या खोक्यांना मात्र सर्वांत आधी हात लावावा. विकत घेतलेली गाणी अन्यत्र मिळतील. परंतु आजीने म्हटलेले स्तवन, एखाद्या चातुर्मासातील व्याख्यान, दादांनी परगावच्या मुलीला बोलून पाठविलेले पत्र यांची दुसरी प्रत जगात नाही. टेपचा चुंबकीय थर दरवर्षी क्षीण होतो, आतील दाबपट्टी निखळते. चालू स्थितीतील एक कॅसेट प्लेअर आणि एक संगणक एवढ्यावर हे सारे उतरवून ठेवता येते. प्रत्येक फाइलला नाव, व्यक्ती, अंदाजे वर्ष लिहावे आणि प्रती दोन घरांत ठेवाव्यात. हे काम सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवरच करावे, कारण आवाज ओळखणारेच उरले नाहीत तर उतरविलेल्या आवाजाला नाव उरत नाही.

शेवटचा मुद्दा दुकानात बसणाऱ्यांसाठी. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या व कांस्यकारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव सोपविल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावच्या कारागिरांवर आणि त्यांच्या शब्दावर लोक एवढा भरवसा ठेवीत होते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले हे चांगलेच आहे. परंतु गिऱ्हाईक संकेतस्थळाकडे नंतर जाते, आधी तुमच्याकडे येते. विद्युत उपकरणे विकणाऱ्या आपल्या बंधूंनी माल भरताना कंपनीच्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत: बॅटरी बदलता येते का, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि शक्तीचा खरा आकडा कोणता. उत्तर मिळाले नाही तर तो माल कमी भरावा, आणि भरलाच तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगून विकावा. एखादी विक्री त्यामुळे हातची जाईल. पण ‘शेठजींनी आधीच सांगितले होते’ हे वाक्य गावात फिरू लागले की त्याची किंमत कोणत्याही सवलतीच्या फलकापेक्षा मोठी ठरते.