परवानगीच्या कुलपात अडकलेला न्याय

युद्धात वा यादवीत पहिली गोळी कोणी झाडली, यावर वर्षानुवर्षे वाद झडतात. परंतु त्या धुमश्चक्रीत स्त्रीच्या देहावर जो सूड उगवला जातो, त्याची नोंद घेण्यास मात्र कोणी फारसे उत्सुक नसते. लुटालूट, जाळपोळ यांच्याप्रमाणे हाही संघर्षाचा अटळ भाग, असे मानण्याची जगाची सवय जुनी आहे. तिला पहिला मोठा धक्का दिला तो रवांडाविषयक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने. बलात्कार हे वंशसंहाराचे साधन ठरू शकते, असा निवाडा त्याने १९९८ मध्ये अकायेसू खटल्यात दिला. पुढे २००८ मध्ये सुरक्षा परिषदेनेही १८२० क्रमांकाच्या ठरावाद्वारे असे अत्याचार युद्धगुन्हा ठरू शकतात, हे मान्य केले.

जगाच्या या जागृतीचा आपल्या शासनावर काय परिणाम झाला? मणिपुरात ३ मे २०२३ रोजी हिंसाचार उसळला. दुसऱ्याच दिवशी जमावाने स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली. गुन्ह्याची नोंद झाली १८ मे रोजी, आणि देश हादरला तो १९ जुलैला चित्रफीत बाहेर आल्यावर! अखेर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन माजी महिला न्यायमूर्तींची समिती नेमली. तीत मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी होत्या. तपासावरील देखरेख महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांच्याकडे सोपविण्यात आली. हे योग्यच झाले. परंतु शासनाने पहिल्या दिवशी हाती घ्यावयाचे काम न्यायालयाला चौथ्या महिन्यात करावे लागले, हे भूषणावह खचितच नव्हे.

ही झाली जमावाची गोष्ट. आरोपी गणवेशधारी असेल तर वाट अधिकच बिकट होते. सशस्त्र दले विशेषाधिकार कायदा १९५८ चा. त्याच्या सहाव्या कलमानुसार केंद्राच्या पूर्वपरवानगीवाचून खटला भरता येत नाही. स्त्रियांवरील अत्याचारांपुरती ही अट काढून टाकावी, तसेच हाताखालच्यांना न आवरणाऱ्या अधिकाऱ्यालाही जबाबदार धरावे, अशा शिफारशी न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये केल्या. त्याच वर्षी फौजदारी कायदा सुधारला गेला. या दोन शिफारशी मात्र बाजूला राहिल्या.

अशाने सैन्याचे मनोधैर्य खचेल, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. बलात्कार हा कोणत्याही सैनिकाच्या कर्तव्याचा भाग असू शकत नाही. मग कर्तव्यासाठी दिलेले संरक्षण त्याला कसे लाभावे? लोकसेवकावर बलात्काराचा आरोप असल्यास परवानगीची गरज नाही, हे तत्त्व सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेने २०१३ मध्येच स्वीकारले आहे. जो न्याय शहरातील अधिकाऱ्याला लागू, तो अशांत टापूत का नसावा? उलट मूठभर अपराध्यांना पाठीशी घातल्याने प्रामाणिक जवानांचेच नाव बद्दू होते.

म्हणून केंद्र शासनाने सहावे कलम तातडीने सुधारावे, वरिष्ठांची जबाबदारी कायद्याने निश्चित करावी आणि अशांत प्रदेशांत महिला पोलीस व डॉक्टर यांची कायम पथके ठेवावीत. पुरावा शरीरावरून काही दिवसांतच पुसला जातो. साक्षीदार भयाने पांगतात. नुकसानभरपाईचा धनादेश आणि सहानुभूतीचे निवेदन यांनी ही हानी भरून येत नाही. ज्या राज्यसंस्थेला शस्त्र धारण करण्याचा अधिकार आहे, तिच्यावरच त्या शस्त्राच्या छायेत राहणाऱ्या स्त्रीच्या अब्रूची पहिली जबाबदारी आहे.