कॅमेरा भारी, जोड कच्चा

नंदुरबार, शहादा, नवापूरच्या बाजारात आज दुकानादुकानांत कॅमेरे लागले आहेत. कॅमेरा घेताना आपण कंपनी विचारतो, गॅरंटी विचारतो. वायरीच्या टोकाला बसणाऱ्या छोट्याशा कनेक्टरविषयी मात्र कोणी विचारत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. एकदा आमच्या गोदामात सुटिंगचे दोन तागे कमी भरले. संशय एका गरीब हमालावर गेला. रेकॉर्डिंग लावले तर पडद्यावर नुसत्या रेघा! चार दिवसांनी ते तागे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात चुकून गेल्याचे निघाले. तोवर एक बेगुनाह माणूस मान खाली घालून फिरला. कॅमेरा चांगलाच होता. स्क्रूने आवळलेला कनेक्टर सैल होऊन जाळीची एक तार मधल्या तारेला अधूनमधून टेकत होती.

कोअॅक्सियल वायरीत मधे एक तार, तिच्यावर प्लास्टिक, त्यावर बारीक तारांची जाळी आणि वर आवरण असते. मधली तार चित्र वाहून नेते, जाळी बाहेरची गडबड अडवते. दोन्ही एकमेकींना लागता कामा नयेत. ब्लेडने सोलताना मधल्या तारेला चीर पडली तर ती पुढे तिथेच तुटते. म्हणून सोलण्याचे हत्यार वेगळे असते.

कॅमेऱ्याला बीएनसी कनेक्टर लागतो, डिश व केबल टीव्हीला एफ. वायर आणि कनेक्टर दोन्ही 75 ओहमचे हवेत. 50 ओहमचा माल वायरलेसच्या कामाचा. आरजी 59 वायरीची मधली तार सुमारे 0.8 मि.मी. जाड असते, आरजी 6 ची सुमारे 1 मि.मी. एकीचा कनेक्टर दुसरीला नीट बसत नाही. स्क्रूच्या कनेक्टरपेक्षा हत्याराने दाबून बसवलेला क्रिम्प किंवा कॉम्प्रेशन कनेक्टर पक्का. उघड्यावरचा जोड डबीत बंद करावा, नाहीतर पावसाचे पाणी जाळीत शिरून तार खराब होते.

कापड कितीही भारी असो, शिलाई कच्ची असेल तर सदरा उसवतोच. पण दोष एकट्या कारागिराचा नाही. आपण व्यापारी हजारोंचा कॅमेरा घेतो आणि जोडाच्या मजुरीत दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. मग तो हलका माल लावतो. माप पुरे द्यावे ही दीनची ताकीद तराजूपुरतीच आहे काय? भिंतीआड झाकले जाणारे कामही मापच आहे, आणि कारागिराची पुरी मजुरी हेही मापच आहे.

तेव्हा बिलावर वायर व कनेक्टरचा प्रकार लिहून घ्या, जोड हलवून चित्र पाहा आणि मजुरी पुरी द्या. आपल्या मुलांनीही हे काम अंदाजाने नव्हे, शिकून करावे. अक्कलकुव्याच्या जामियाने दीनी तालीमसोबत आय.टी.आय. आणि पॉलिटेक्निकही उभे केले, ते याचसाठी. हात पक्का असेल तर रोजी हलाल होते आणि गिऱ्हाईक पुन्हा येते.