म्हशीचे इंजेक्शन आणि बाळंतिणीचे औषध

कमलनगरच्या बाजारात एका दूधवालीने मला विचारले, "ताई, म्हशीला पान्हा सोडायला जे इंजेक्शन टोचतात, तेच दवाखान्यात बाळंतिणीला देतात म्हणे. खरं का?"

खरे आहे. औषधाचे नाव ऑक्सिटोसिन. नऊ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक बाई, गाय, म्हैस साऱ्यांच्या शरीरात तंतोतंत सारखेच असते. देवणी गाईचे वासरू कासेला ढुसण्या देते तेव्हा तेच स्रवते आणि पान्हा फुटतो. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवते तेही तेच. विन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 मध्ये ते प्रयोगशाळेत घडवले आणि 1955 चे नोबेल मिळवले.

पण हे औषध भारी नाजूक. रक्तात काही मिनिटांत विरते, आणि कुपी 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो, त्यात वीज जाते. उकाड्याने कमजोर झालेली कुपी दिसायला चांगलीच असते. उणीव कळते ती ऐन वेळी, बाईचा जीव टांगणीला लागल्यावर.

शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. रेणूतील दोन गंधकांचा जोड कच्चा, म्हणून एका गंधकाच्या जागी कार्बन बसवला. टोकाचा अमिनो गट काढला, एका अमिनो आम्लावर मिथाइल गट चढवला. झाले कार्बेटोसिन! त्याचे उष्णतेला टिकणारे औषध 30 अंशांतही तीन वर्षे चांगले राहते आणि रक्तात जास्त वेळ काम करते. भारतासह 10 देशांत सुमारे 30 हजार बाळंतिणींवर त्याची चाचणी झाली. त्यात आपले बेळगावही होते. 2018 च्या निष्कर्षांत 500 मिलिलिटर वा अधिक रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. मात्र ते बाळ जन्मल्यावरच द्यायचे, कळा आणण्यासाठी नव्हे.

तेव्हा भगिनींनो, घरात गरोदर सून-लेक असेल तर बाळंतपण दवाखान्यातच करा, आणि इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवतात ना, हे आधीच विचारा. विचारण्यात संकोच कसला? आणि दूध वाढावे म्हणून म्हशीला सुई टोचू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. रेडकू कासेला लावा, पुढ्यात पेंड ठेवा, पाठीवरून हात फिरवा. म्हैस आपणहून पान्हवते.