शत्रू आपल्या गावात पडतो तेव्हा

26 ऑगस्ट 1944. जर्मनीतले रसेल्सहाइम, ओपेल मोटारींच्या कारखान्याचे गाव. आदल्या रात्री ब्रिटिश विमानांनी तिथे बॉम्ब टाकले होते. रेल्वेचे रूळ उखडले होते, म्हणून पहारेकरी आठ अमेरिकी हवाई सैनिकांना गावातून पायी नेत होते. त्यांचे विमान दोन दिवस आधीच हॅनोव्हरजवळ पाडले गेले होते. आदल्या रात्री ते कैदेत होते. या गावाच्या जळण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण वड्याचे तेल वांग्यावर काढणाऱ्या गर्दीला पुरावा लागत नाही. दोन बहिणींनी 'मारा यांना' असा ओरडा सुरू केला आणि माणसे दगड, काठ्या, हातोडे, फावडी घेऊन तुटून पडली. हवाई हल्ल्याच्या बंदोबस्तावरच्या योझेफ हार्टगेनने पिस्तूल काढून जखमींवर गोळ्या झाडल्या. सर्वांना मेलेले समजून गाडीवर घालून दफनभूमीत नेले. तेवढ्यात भोंगा वाजला, लोक पळाले आणि दोघे जिवंत निसटले. सहा जण गेले.

हे काही दरोडेखोर नव्हते. शेजाऱ्यापाजाऱ्यांत ऊठबस असलेली, घरसंसार करणारी माणसे होती. त्यांना मोकळीक वरून मिळाली होती. ऑगस्ट 1943 मध्ये नाझी पोलीसप्रमुख हिमलरने पोलिसांना बजावले होते की, जनता आणि शत्रूचे हवाई सैनिक यांच्या मध्ये पडणे हे पोलिसांचे काम नव्हे. मे 1944 मध्ये प्रचारमंत्री गोबेल्सने वर्तमानपत्रात लेख लिहून हा सूड न्याय्य ठरवला. सरकारने हात वर केले आणि समाजाने हात उचलले.

त्यांचे दुःख खोटे होते असे कोण म्हणेल? एकट्या हॅम्बुर्गमध्ये जुलै 1943 च्या हल्ल्यांत हजारो माणसे होरपळून मेली. शहरे जाळणाऱ्या सेनापतींना जाब विचारलाच पाहिजे. पण निःशस्त्र कैद्याच्या डोक्यात हातोडा घालणे हा जाब नव्हे. तो भ्याडपणा आहे. देशभक्तीची शाल पांघरली म्हणून त्याला शौर्य म्हणता येत नाही. युद्धकैद्याला हिंसा, अपमान आणि बघ्यांची गर्दी यांपासून जपावे, हे 1929 च्या जिनिव्हा कराराने सांगितले होते. जर्मनी त्या कराराने बांधलेली होती.

जुलै 1945 मध्ये डार्मस्टाट येथे अमेरिकी लष्करी न्यायालयात खटला चालला. प्रचाराने आमची डोकी फिरली होती, असा बचाव आला. तो टिकला नाही. हार्टगेन व इतर काही जण फासावर गेले. त्या बहिणींची फाशी रद्द होऊन त्यांना कैद झाली. पण रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसते पाहणाऱ्यांचे काय? त्यांच्यावर खटला भरणारे न्यायालय सहसा नसते.

27 फेब्रुवारी 2019 ला भारतीय हवाई दलाचे विंग कमांडर अभिनंदन वर्धमान विमान पाडले गेल्याने पाकव्याप्त काश्मीरमध्ये उतरले. गावकऱ्यांनी त्यांना मारले. शेवटी पाकिस्तानी सैनिकांनीच त्यांना गर्दीच्या हातून सोडवले. त्यांचा रक्ताळलेला चेहरा पाहून आपण संतापलो, आणि ते योग्यच होते. मात्र तो संताप आपल्या माणसापुरता असेल तर त्याला नीती म्हणू नका. ती नुसती आपपरभावाची सवय आहे. उद्या शत्रूचा वैमानिक आपल्या शिवारात पडला, तर त्याला पाणी द्या, पोलिसांना बोलवा आणि दगड उचलणाऱ्या आपल्याच माणसाचा हात धरा. हे ज्याला जमणार नाही, त्याने रसेल्सहाइमच्या लोकांना नावे ठेवू नयेत.